चेतापेशीतील विद्युत्-संकेत: कागदावरच्या आकडेमोडीपासून माणसांच्या साखळीपर्यंत

‘चेतासंस्था म्हणजे शरीरातील वायरिंग’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या बहुतेक वह्यांमध्ये सापडते आणि एका महत्त्वाच्या बाबतीत ते दिशाभूल करणारे आहे. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीच्या दिशेने सरकतात आणि त्यांना ढकलणारी ऊर्जा एका टोकाला असलेल्या स्रोतातून येते. चेतातंतूत मात्र आयनांची (विद्युत्-भार असलेल्या अणूंची) मुख्य हालचाल तंतूला आडवी, म्हणजे पटलातून आत-बाहेर होते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा तंतूच्या प्रत्येक ठिकाणी आधीच साठवून ठेवलेली असते. हा फरक केवळ वाचून मनात ठसत नाही. आकडे मांडले की ठसतो. म्हणून पुढील पायऱ्या वही, लॉगचे बटण असलेला कॅलक्युलेटर आणि शेवटच्या भागासाठी वीस-पंचवीस उत्साही माणसे, एवढ्या सामग्रीवर पार पाडता येतील अशा मांडल्या आहेत. अकरावी-बारावी किंवा बी.एस्सी.चे विद्यार्थी डोळ्यांपुढे असले, तरी लॉगरिथम आठवत असलेल्या कोणालाही त्या जमतील.

पायरी १ : आत आणि बाहेर काय आहे ते लिहून काढा

वहीत दोन स्तंभ करा. सस्तन प्राण्याच्या नमुनेदार चेतापेशीच्या आत पोटॅशियमची संहती लिटरला सुमारे १४० मिलिमोल आणि बाहेर सुमारे ५ असते. सोडियमचे नेमके उलट असून ते आत सुमारे १५ आणि बाहेर सुमारे १४५ असते. क्लोराइड व कॅल्शियमही महत्त्वाचे आहेत, पण पहिल्या आकडेमोडीसाठी ते बाजूला ठेवले तरी चालते.

ही विषमता टिकवण्याचे काम पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप करतो. एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, एक रेणू खर्चून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी १९५७ मध्ये या पंपाचा शोध प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दर फेरीला एक धनभार जास्त बाहेर जातो, त्यामुळे पंप स्वतःही थोडे विभव (पटलाच्या दोन बाजूंमधील व्होल्टेजचा फरक) निर्माण करतो, पण ते काही मिलिव्होल्टच. ‘पंपामुळे पेशी आतून ऋण असते’ असे उत्तर परीक्षेत सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पंप साठा भरून ठेवतो, विभव मुख्यतः गळतीमुळे तयार होते, आणि ती गळती कशी हे पुढच्या पायरीत दिसेल.

पायरी २ : एकेका आयनाचे समतोल विभव काढा

समजा, पटलातून फक्त पोटॅशियमच जाऊ शकतो. आत तो जास्त असल्याने तो बाहेर पडू लागेल, आणि प्रत्येक आयनाबरोबर एक धनभार बाहेर जाऊन आतली बाजू ऋण होत जाईल. ही ऋण बाजू पोटॅशियमला मागे ओढू लागेल आणि एका विशिष्ट विभवाला बाहेर जाण्याचा व आत ओढला जाण्याचा वेग सारखा होईल. या विभवाचे सूत्र जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस मांडले. एक धनभार असलेल्या आयनासाठी, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला ते असे आहे:

समतोल विभव (मिलिव्होल्ट) = ६१.५ × लॉग (बाहेरची संहती ÷ आतली संहती)

पोटॅशियमसाठी ५ ÷ १४० = ०.०३५७, त्याचा लॉग उणे १.४४७, म्हणून विभव सुमारे उणे ८९ मिलिव्होल्ट येते. सोडियमसाठी १४५ ÷ १५ = ९.६७, लॉग ०.९८५, म्हणून सुमारे अधिक ६१ मिलिव्होल्ट. लॉग दहा पायाचा घ्यायचा आहे. पुण्यातील साधारण खोलीच्या, म्हणजे २५ अंशांच्या तापमानाला ६१.५ च्या जागी ५९ येतात. प्रयोगशाळेत बेडकाच्या किंवा खेकड्याच्या चेतातंतूंसाठी हिशेब करताना हा बदल विसरू नये.

वहीत उभी रेघ ओढून खाली उणे ८९ आणि वर अधिक ६१ अशा दोन खुणा करा. सोडियम आणि पोटॅशियम एवढ्यांचाच विचार केला, तर पेशीचे विभव या दोन खुणांच्या मध्येच कुठेतरी राहणार, आणि नेमके कुठे हे त्या क्षणी कोणत्या आयनाला किती वाट मोकळी आहे यावर ठरणार. चेतापेशीच्या विद्युत्-वर्तनाचा गाभा एवढाच आहे.

पायरी ३ : विश्रांतीचे विभव काढा आणि मग आकड्यांशी खेळा

विश्रांतीच्या अवस्थेत पटल पोटॅशियमला बरेच आणि सोडियमला अगदी थोडे पारगम्य असते. ही पारगम्यता १ ला ०.०४ अशी धरू. दोन्ही आयन एकत्र घेणारे गोल्डमन यांचे समीकरण असे लिहिता येते:

विभव = ६१.५ × लॉग [(बाहेरचा पोटॅशियम + ०.०४ × बाहेरचा सोडियम) ÷ (आतला पोटॅशियम + ०.०४ × आतला सोडियम)]

वरची बाजू ५ + ५.८ = १०.८ आणि खालची १४० + ०.६ = १४०.६. भागाकार ०.०७६८, लॉग उणे १.११५, उत्तर सुमारे उणे ६८.५ मिलिव्होल्ट. प्रत्यक्षात अनेक चेतापेशींत मोजले जाणारे विभव उणे ६० ते उणे ७५ च्या आसपास असते, तेव्हा हिशेब बरा जमला म्हणायला हरकत नाही.

येथे घाई करू नका. बाहेरचा पोटॅशियम ५ ऐवजी १० घालून पाहा: उत्तर सुमारे उणे ५८ येते. आता पोटॅशियम पुन्हा ५ ठेवून बाहेरचा सोडियम १४५ वरून १३० वर आणा: उत्तर उणे ७० च्या जवळ येते, म्हणजे जेमतेम दीड मिलिव्होल्टचा फरक. रक्ततपासणीच्या अहवालात पोटॅशियम दोन-तीन एककांनी वाढला की डॉक्टर लगेच हृदयाचा आलेख का काढायला सांगतात आणि सोडियम तेवढाच हलला तर का सांगत नाहीत, याचे एक मोठे कारण या दोन ओळींच्या गणितात आहे. सोडियम कमी होण्याचे धोके वेगळे आहेत. ते मुख्यतः मेंदूतील पेशींत पाणी शिरण्याशी संबंधित आहेत.

पायरी ४ : किती आयन हलतात ते मोजा

अनेकांची समजूत असते की एका संकेतात पेशीतील सोडियम-पोटॅशियमची अदलाबदलच होऊन जाते. तपासून पाहू. पेशीपटल विद्युत्-धारित्रासारखे (कपॅसिटरसारखे) वागते आणि त्याची धारिता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड असते. विभव १०० मिलिव्होल्टने बदलायला दर चौरस सेंटिमीटरला एका मोलच्या सुमारे एक लक्ष कोटीव्या भागाइतके आयन पुरतात. १० मायक्रोमीटर त्रिज्येची गोल पेशी घेतली तर हा आकडा सुमारे ७५ लाख आयन भरतो. ऐकायला मोठा वाटतो, पण त्याच पेशीत पोटॅशियमचे जे आयन आहेत त्यांच्या तुलनेत तो सुमारे पन्नास हजारांत एक इतकाच आहे. पंप क्षणभर थांबला तरी मोठ्या पेशीतून हजारो संकेत जाऊ शकतात, ते यामुळे. अतिशय बारीक तंतूंत मात्र पृष्ठभागाच्या मानाने आतली जागा कमी असल्याने साठा लवकर हलतो.

याच पटलाची जाडी साधारण ५ नॅनोमीटर धरली, तर ७० मिलिव्होल्टचे क्षेत्र मीटरला सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्ट इतके तीव्र निघते. ७० मिलिव्होल्ट हा आकडा दिसायला किरकोळ असला, तरी चॅनेलच्या, म्हणजे आयनांना पटलातून वाट देणाऱ्या दाराच्या, प्रथिनातील भारित भाग जागचा हलवण्याइतका जोर त्यात आहे, आणि पुढची सगळी घटनामालिका त्या हलण्यावरच चालते.

पायरी ५ : क्रियाविभवाचा आलेख स्वतः काढा

एका संकेतात पेशीचे विभव झटकन वर जाऊन खाली येते, त्याला क्रियाविभव म्हणतात. आडव्या अक्षावर मिलिसेकंद आणि उभ्या अक्षावर मिलिव्होल्ट घ्या. रेघ उणे ७० वरून सुरू करा. इतर पेशींकडून आलेल्या संदेशांमुळे पेशीचे विभव थोडे वर-खाली होत असते. हे लहान बदल एकमेकांत मिसळतात, आणि त्यांची बेरीज-वजाबाकी अक्षतंतूच्या (पेशीपासून संकेत पुढे नेणाऱ्या लांब तंतूच्या) मुळाशी, जेथे सोडियम चॅनेल फार दाट असतात, तेथे निर्णायक ठरते. तेथील विभव उणे ५५ च्या आसपास, म्हणजे उंबरठ्याला, पोहोचले की आत येणारा सोडियम बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमवर मात करतो. सोडियम आत आला की विभव वर जाते, विभव वर गेले की आणखी सोडियम चॅनेल उघडतात, आणि हे चक्र मिलिसेकंदाच्या अंशात विभवाला अधिक ३० ते ४० पर्यंत नेऊन सोडते. उंबरठा म्हणजे पटलावर कोरलेला ठरावीक आकडा नव्हे. दोन प्रवाहांची बरोबरी जेथे मोडते ती ती जागा, आणि नुकताच संकेत देऊन गेलेल्या पेशीत ती वर सरकलेली असते.

गोल्डमन यांच्या समीकरणात आता पारगम्यता उलटवा: पोटॅशियमसाठी १, सोडियमसाठी २०. वर ५ + २९०० आणि खाली १४० + ३००, उत्तर सुमारे अधिक ५०. प्रत्यक्ष शिखर यापेक्षा थोडे खाली राहते, कारण शिखर गाठले जाईपर्यंत सोडियम चॅनेल निष्क्रिय होऊ लागलेले असतात आणि उशिरा उघडणारे पोटॅशियम चॅनेल कामाला लागलेले असतात. या दोन कारणांनी रेघ तितक्याच झपाट्याने खाली आणा, उणे ७० च्याही थोडी खाली जाऊ द्या आणि मग हळूहळू मूळ पातळीवर आणा. सोडियम चॅनेल निष्क्रिय असलेल्या सुमारे एक मिलिसेकंदाच्या काळात कितीही जोराचे उद्दीपन दिले तरी दुसरे क्रियाविभव उठत नाही.

हा आलेख पेशीच्या आतून पहिल्यांदा नोंदवला तो अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी, १९३९ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथे, माकुलाच्या महाकाय अक्षतंतूवर. गणेश पेठेतील मासळी बाजारात जो माकूल मिळतो त्याच्याच अटलांटिकमधील भाऊबंदांचा हा तंतू अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साध्या डोळ्यांनी दिसणारा असतो, म्हणूनच त्याच्या आत तार घालता आली. दुसऱ्या महायुद्धामुळे काम थांबले. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समीकरणांची उकल हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर केली, आणि त्यातून निघालेला वहनाचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या अगदी जवळ आला. चॅनेल नावाचे वेगळे प्रथिन असते याचा थेट पुरावा तेव्हा कोणाकडेही नव्हता. एकेका चॅनेलमधून जाणारा प्रवाह एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी १९७६ मध्ये नोंदवला. माझ्या मते जीवशास्त्रात गणिताने दिलेले हे सर्वांत देखणे भाकीत आहे.

दंतवैद्य हिरडीत लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात तेव्हा ते याच सोडियम चॅनेलना बंद ठेवते. आलेखातील चढच नाहीसा होतो, आणि वेदनेचा संकेत वाटेतच संपतो.

पायरी ६ : संकेत पुढे का जातो आणि विरत का नाही

प्रथम तंतू ‘तार’ मानून हिशेब करा. १ मायक्रोमीटर व्यासाच्या, मायलिन (तंतूभोवतीचे चरबीयुक्त वेष्टन) नसलेल्या तंतूत निव्वळ वाहून जाणारे विभव सुमारे अर्ध्या मिलिमीटरला मूळच्या ३७ टक्क्यांवर येते. ५ मिलिमीटरवर, म्हणजे अशा दहा टप्प्यांनंतर, १०० मिलिव्होल्टमधून ०.००५ मिलिव्होल्टही उरत नाहीत. मज्जारज्जूपासून तळपायापर्यंतचे अंतर जवळपास एक मीटर आहे. तार म्हणून चेतातंतू पूर्णपणे नापास आहे.

टिळक रस्त्यावर फुटपाथला लागून साइड स्टँडवर दाटीने उभ्या केलेल्या दुचाकींची ओळ आठवा. एका टोकाच्या गाडीला जरासा धक्का लागला तर ती डुगडुगते आणि स्थिर होते. पुरेसा लागला तर ती शेजारच्या गाडीवर पडते, ती पुढच्या गाडीवर, आणि पन्नासावी गाडीही पहिलीइतक्याच जोराने आडवी होते, कारण प्रत्येक गाडी स्वतःच्या वजनाने पडते. पडलेली गाडी उभी केल्याशिवाय पुन्हा पडू शकत नाही, आणि म्हणून लाट मागे फिरत नाही. चेतातंतूतही क्रियाविभव जेथे उठते तेथील प्रवाह शेजारच्या, अजून विश्रांत असलेल्या भागाला उंबरठ्यापलीकडे नेतो आणि तेथे तेच क्रियाविभव नव्याने, पूर्ण उंचीचे उठते. मागचा भाग त्या वेळी अनुत्तेजनक्षम असल्याने संकेत पुढेच जातो.

उंची कायम राहत असल्याने उद्दीपनाची तीव्रता उंचीतून सांगता येत नाही. ती मुख्यतः दर सेकंदाला किती क्रियाविभव निघाले यातून सांगितली जाते. हे एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात एकेका तंतूच्या नोंदींतून दाखवले.

पायरी ७ : मायलिनचा हिशेब

वेग वाढवायचे दोन मार्ग आहेत: तंतू जाड करणे किंवा त्याला वेष्टन घालणे. माकुलाने पहिला मार्ग धरला. त्याचा अर्ध्या मिलिमीटरचा तंतू सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने संकेत नेतो. आपल्या हातापायांतील मायलिनयुक्त तंतूंसाठी ढोबळ नियम असा की, बाह्य व्यास मायक्रोमीटरमध्ये घेऊन ६ ने गुणावा, म्हणजे मीटर प्रति सेकंद मिळतात. १० मायक्रोमीटरचा तंतू, माकुलाच्या तंतूहून पन्नासपट बारीक असूनही, ६० मीटरचा वेग देतो.

मायलिनच्या वेष्टनात साधारण दर एक मिलिमीटरला उघडी खाच असते, तिला रॅन्व्हिएची गाठ म्हणतात, आणि सोडियम चॅनेल तेथेच एकवटलेले असतात. संकेत गाठीवरून गाठीवर ‘उडी मारतो’ असे वर्णन पाठ्यपुस्तकांत येते आणि त्यामुळे एका वेळी एकच गाठ जागी असते असे चित्र मनात तयार होते. ते तपासा: ६० मीटरच्या वेगाने एक मिलिमीटर ओलांडायला सुमारे १७ मायक्रोसेकंद लागतात, पण एका गाठीवरील क्रियाविभव सुमारे एक मिलिसेकंद टिकते. म्हणजे कोणत्याही क्षणी साठेक गाठी, तंतूचा तब्बल सहा सेंटिमीटर भाग, क्रियाविभवाच्या वेगवेगळ्या टप्प्यांत असतो.

पायरी ८ : साखळी करून स्वतःच्या चेतांचा वेग मोजा

योहानेस म्युलर या मोठ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला चेतांचा वेग मोजणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे वाटत होते. त्यांचेच विद्यार्थी हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतेला दोन वेगवेगळ्या अंतरांवर उद्दीपन देऊन, स्नायू आकुंचन पावायला लागलेल्या वेळांची वजाबाकी केली आणि सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर हे उत्तर काढले. आपण तीच वजाबाकी करणार आहोत.

सोसायटीच्या गच्चीवर किंवा महाविद्यालयाच्या मैदानावर पंचवीस जणांना गोलात, गुडघे उभे करून बसवा. मोजे काढायला सांगा. प्रत्येकाने एकाच, ठरवलेल्या हाताने शेजाऱ्याचा घोटा धरायचा आणि स्वतःच्या घोट्यावर दाब जाणवताच शेजाऱ्याचा घोटा दाबायचा. सर्वांचे डोळे मिटलेले असावेत, नाहीतर लोक स्पर्शाऐवजी नजरेने प्रतिसाद देतात. गोलातीलच एकाने पहिला दाब देताना मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करावे आणि फेरी पूर्ण होऊन स्वतःला दाब जाणवताच थांबवावे. दुसऱ्या प्रकारच्या फेरीत सगळे तसेच, फक्त घोट्याऐवजी खांदा. दाबणारा हात दोन्ही वेळा तोच असल्याने मेंदूचा निर्णय आणि हाताकडे जाणारी आज्ञा यांना लागणारा वेळ वजाबाकीत निघून जातो. उरतो तो घोट्यापासून खांद्याच्या पातळीपर्यंतच्या प्रवासाचा वेळ.

सुरुवातीच्या काही फेऱ्या सरावाच्या समजून सोडून द्या, कारण वेळ झपाट्याने सुधारत जातो. नंतर घोटा, खांदा, घोटा, खांदा अशा आलटून-पालटून फेऱ्या घ्या, म्हणजे सराव आणि कंटाळा दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातील. प्रत्येक प्रकारातील मधली वेळ निवडा. सर्वांचे खांद्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून सरासरी काढा. प्रौढांत ते सव्वा मीटरच्या आसपास भरते.

समजा घोट्याची वेळ ६.३ सेकंद आणि खांद्याची ५.७ आली. फरक ०.६ सेकंद, त्याला २५ ने भागले की माणशी ०.०२४ सेकंद. १.२५ ÷ ०.०२४ = सेकंदाला ५२ मीटर. स्पर्शाच्या तंतूंसाठी हे उत्तर पटण्यासारखे आहे. पण वेळेच्या फरकात ०.१५ सेकंदाची चूक धरली तर तेच उत्तर ४२ ते ६९ च्या दरम्यान कुठेही असू शकते, हे अहवालात लिहिलेच पाहिजे. माणसे जेवढी जास्त, तेवढा हा पट्टा अरुंद होतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे प्रयोग करू नका: तापमान एक अंशाने उतरले की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने घटतो, आणि पुण्याच्या थंडीत अनवाणी पाय चांगलेच गार पडतात. त्याच मंडळींची सकाळची आणि दुपारची वेळ मुद्दाम ताडून पाहायची असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ९ : एनसीव्हीच्या अहवालाकडे पाहणे

२०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पुण्यातील भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतांवर हल्ला करते त्या आजाराचे) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, आणि एनसीव्ही, म्हणजे चेतावहनाच्या वेगाची तपासणी, हा शब्द पुण्यातील अनेक घरांत पोहोचला. या तपासणीतही वजाबाकीच असते. मनगटावर विद्युत्-उद्दीपन देऊन अंगठ्याच्या स्नायूचा प्रतिसाद नोंदवतात, मग तेच कोपरावर करतात. समजा मनगटापासूनचा वेळ ३.२ मिलिसेकंद, कोपरापासूनचा ७.२ आणि दोन्ही जागांमधील अंतर २२० मिलिमीटर आहे. २२० ÷ ४ = सेकंदाला ५५ मीटर. चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर जाणारा वेळ दोन्हींत सारखा असल्याने वजा होतो. हाताच्या या चेतेसाठी साधारण ५० च्या वरचा वेग ठीक मानतात. पायांत तो थोडा कमी असतो.

अहवालात वेगाइतकीच प्रतिसादाची उंची पाहावी. मायलिन उतरले की गाठींमधील प्रवाह गळतो, पुढची गाठ उशिरा उंबरठा गाठते किंवा गाठतच नाही, आणि वेग घसरतो. अक्षतंतूच नष्ट झाले असतील तर उरलेले तंतू जवळपास नेहमीच्या वेगाने संकेत नेतात, मात्र त्यांची संख्या घटल्याने प्रतिसादाची उंची कमी होते. गियाँ-बारेचे दोन्ही प्रकार असतात. मनगटापासूनचाच वेळ वाढला असेल आणि पुढे कोपरापर्यंतचा वेग चांगला असेल, तर मनगटातील चेतेवर दाब असण्याची शक्यता डॉक्टर तपासतात. निदान अर्थातच चेताविकारतज्ज्ञांनी रुग्णाला तपासूनच करायचे असते. हात गार असताना काढलेला आलेखही रोगासारखा दिसू शकतो, म्हणून चांगल्या तपासणीकक्षात आधी हात गरम करून घेतात.

या यंत्राला फक्त जाड, मायलिनयुक्त तंतू दिसतात. वेदना आणि उष्णता नेणारे, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर वेगाचे बारीक तंतू त्याच्या नोंदीत उमटतच नाहीत. त्यामुळे दीर्घकाळ मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या तळव्यांची आग होत असूनही एनसीव्ही पूर्णपणे निर्दोष येऊ शकते, आणि अशा वेळी डॉक्टर त्वचेचा सूक्ष्म नमुना घेऊन त्यातील तंतूंची घनता मोजण्याचा पर्याय सुचवू शकतात.